ट्रिगर कोणी ओढला, एवढ्यावर खटला ठरत नाही

२१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, सांता फेजवळच्या बोनांझा क्रीक रँचवर 'रस्ट' या चित्रपटाच्या एका दृश्याची तयारी चालू होती. अभिनेते अ‍ॅलेक बाल्डविन यांच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली. छायालेखिका हलिना हचिन्स मृत्युमुखी पडल्या, दिग्दर्शक जोएल सूझा जखमी झाले. हचिन्स ४२ वर्षांच्या होत्या.

तेव्हापासून दोन मतं सतत ऐकू येतात. एक म्हणजे, ज्याच्या हातात बंदूक होती तोच गुन्हेगार. दुसरं म्हणजे, अपघात तो अपघात, त्यात कोणाला काय दोष द्यायचा? दोन्ही मतं चुकीची आहेत. दुसरं तर मला जास्त घातक वाटतं, कारण सेटवरचा पुढचा मृत्यू त्याच्याच आडोशाने घडतो.

पहिल्या मताचं बघू. हेतू नसताना माणूस दगावला, तर फौजदारी कायदा विचारतो की या व्यक्तीवर कोणती काळजी घेण्याचं बंधन होतं, धोका तिला कळायला हवा होता का, आणि तरीही तिने तो डावलला का. सेटवर हे बंधन अनेकांत वाटलेलं असतं. शस्त्रं सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला तिथे आर्मरर म्हणतात. खरी काडतुसं सेटच्या आवारातही आणायची नाहीत, हा या धंद्यातला जुना नियम. कॅमेऱ्यासमोर दिसण्यासाठी वापरतात त्या डमी काडतुसात बहुधा छर्रा ठेवलेला असतो. काडतूस कानाशी हलवलं की तो खुळखुळतो आणि आत दारू नसल्याची खात्री होते. काही सेकंदांचं काम. 'रस्ट'च्या सेटवर डमींमध्ये सहा खरी काडतुसं मिसळलेली सापडली.

आर्मरर हॅना गुतिएरेझ-रीड तेव्हा २४ वर्षांच्या होत्या. मार्च २०२४ मध्ये ज्युरीने त्यांना हेतुविरहित मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवलं आणि एप्रिलमध्ये त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. या गुन्ह्यासाठी तिथे कैदेची तेवढीच कमाल मर्यादा आहे. पहिले सहायक दिग्दर्शक डेव्हिड हॉल्स यांच्यावर सेटवरच्या सुरक्षिततेची जबाबदारी होती. शस्त्राच्या निष्काळजी वापराचा आरोप त्यांनी लढवला नाही आणि त्यांना सहा महिन्यांचं प्रोबेशन मिळालं. ट्रिगर या दोघांपैकी कोणीच ओढला नव्हता.

मग बाल्डविन निर्दोष ठरले का? अनेकांचा तसा समज आहे, पण न्यायालयाने तसं म्हटलेलं नाही. जुलै २०२४ मध्ये त्यांचा खटला सुरू झाला आणि तिसऱ्याच दिवशी न्यायाधीश मेरी मार्लो सॉमर यांनी तो कायमचा रद्द केला. काडतुसांबाबतचा एक पुरावा पोलिसांकडे आलेला होता, तो बचाव पक्षापासून दडवला गेला होता. सरकार पक्षाने नियम मोडला म्हणून खटला संपला. बाल्डविन यांनी काळजी घेतली होती की नाही, हा प्रश्न ज्युरीपर्यंत पोचलाच नाही. ते चित्रपटाचे निर्मातेही होते, पण ही भूमिका खटल्यात आणता येणार नाही, असं न्यायाधीशांनी सुनावणीआधीच ठरवलं होतं.

निर्मात्यांचा हिशोब वेगळ्या दारात झाला, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. न्यू मेक्सिकोच्या कामगार सुरक्षा विभागाने एप्रिल २०२२ मध्ये निर्मिती कंपनीला १,३६,७९३ डॉलर दंड ठोठावला. त्या विभागाला तेव्हा लावता येत होता तो हा सर्वाधिक दंड. पुढे तडजोडीत तो एक लाखावर आला. विभागाच्या अहवालातली हकीकत वाचताना जीव तुटतो. याच सेटवर आधी शस्त्रातून चुकून बार उडाले होते, तक्रारी झाल्या होत्या आणि कोणी थांबून चौकशी केली नव्हती. आर्मररला प्रॉप्सचं कामही सांभाळावं लागत होतं. शस्त्रांवर फार वेळ घालवते म्हणून तिला टोकलं गेलं होतं. घटनेच्या दिवशी सकाळी कॅमेरा विभागातली काही माणसं काम सोडून गेली होती, तरी चित्रीकरण चालूच ठेवलं गेलं. शिक्षा झालेल्या तरुणीची चूक खरीच आहे. पण ती चूक घडेल अशी घाई आणि काटकसर तिने आणली नव्हती, आणि फौजदारी न्यायालय त्या घाईपर्यंत क्वचितच पोचतं.

क्वचित पोचतं, म्हणजे कधी तरी पोचतंच. २० फेब्रुवारी २०१४ रोजी जॉर्जिया राज्यात 'मिडनाइट रायडर' या चित्रपटाचं चित्रीकरण रेल्वेपुलावर चाललं होतं. रुळांवर लोखंडी पलंग मांडला होता. मालगाडी आली आणि २७ वर्षांची कॅमेरा सहायक सारा जोन्स ठार झाली. रुळांवर चित्रीकरणाची परवानगी रेल्वे कंपनीने आधीच नाकारली होती. दिग्दर्शक रँडल मिलर यांनी २०१५ मध्ये गुन्हा कबूल केला आणि ते तुरुंगात गेले. ठरवून पत्करलेल्या धोक्याला केवळ अपघात म्हणून सोडून देता येत नाही, हे तिथे स्पष्ट झालं.

तरी प्रत्येक वेळी असं घडत नाही. १९८२ मध्ये 'ट्वायलाइट झोन'च्या सेटवर स्फोटांमुळे हेलिकॉप्टर कोसळून अभिनेते व्हिक मोरो आणि दोन लहान मुलं गेली. मुलांना बेकायदा कामावर घेतलं होतं, तेही मध्यरात्रीनंतर. दिग्दर्शक जॉन लँडिस आणि इतर चौघे १९८७ मध्ये निर्दोष सुटले. १९९३ मध्ये 'द क्रो'च्या सेटवर अभिनेते ब्रँडन ली गोळी लागून गेले, तेव्हा कोणावर फौजदारी आरोपच ठेवला गेला नाही. कंपनीला सुरक्षा विभागाचा दंड झाला आणि त्यांच्या आईच्या दाव्यात तडजोड झाली. तुरुंग, सरकारी दंड आणि भरपाई या वेगवेगळ्या वाटा आहेत, त्यांच्या पुराव्याच्या कसोट्याही वेगळ्या. एक बंद झाली म्हणून बाकीच्या बंद होत नाहीत.

आता आपल्याकडचं. गोरेगावच्या चित्रनगरीत किंवा कोल्हापूरच्या सेटवर लाइट उचलणारा, क्रेन ढकलणारा माणूस बहुधा कोणाच्या तरी ठेक्यावर आलेला असतो. काही झालं की ऐकू येतं, 'तो आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे.' ही पळवाट कायद्याने फार पूर्वी बुजवली आहे. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत चित्रपटनिर्मितीतलं काम नाव घेऊन नमूद होतं. मालकाच्या नेहमीच्या धंद्यातलं काम ठेकेदाराकरवी करून घेतलं, तरी कामगाराच्या कुटुंबाला मूळ मालकाकडे भरपाई मागता येते. त्यासाठी मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. मृत्यू कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला एवढं दाखवणं पुरतं. हेच तत्त्व नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आलं आहे.

फौजदारी बाजूला भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंडसंहितेत कलम ३०४ अ खाली ही मर्यादा दोन वर्षं होती.

आणि 'स्वतःच्या जबाबदारीवर काम करत आहे' असं लिहून घेतलेल्या कागदाचं काय? कित्येक कुटुंबं तो कागद समोर धरला की गप्प बसतात, मिळेल ती रक्कम घेऊन गावी परततात. त्यांना हे कोणीतरी सांगायला हवं, की कामगाराने भरपाईचा हक्क आधीच सोडून दिल्याचा असा करार १९२३ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार रद्दबातल होता. खाली त्याची सही असो वा अंगठा.