पंख्याखालचा थर्मामीटर

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला आठ दिवस उरले असताना आमच्या धाकटीने वही आपटली आणि जाहीर केले, ''बाबा, माझा प्रयोग फसला!'' आठवीतल्या मुलीने असे म्हटले की घरातल्या मोठ्यांनी चेहरा गंभीर ठेवायचा असतो. मी तो ठेवला आणि वही पुढे ओढली.

विषय तिनेच निवडलेला : 'वाऱ्याचा तापमानावर होणारा परिणाम'. गृहीतक अगदी सरळ. पंखा लावला की गार वाटते, म्हणजे पंख्याने हवा थंड होते. किती थंड होते ते मोजायचे, आलेख काढायचा, की झाले. तिने टेबलफॅनसमोर प्रयोगशाळेतला थर्मामीटर उभा केला होता. पंखा बंद असताना 28 अंश. एक नंबरवर 28. तीन नंबरवर, वहीची पाने फडफडत असताना, पुन्हा 28! एका दुपारी छताचा पंखा लावल्यावर तर साडेअठ्ठावीस. आलेखाच्या कागदावर एक आडवी रेघ, आणि तिच्या डोळ्यांत पाणी.

त्याच वेळी चहाला आलेल्या शेजाऱ्यांनी तोडगा सुचवला. ''अगं, 26 लिही. पंख्याने गार होतं हे कोणाला ठाऊक नाही? तपासायला कोण बसलंय!'' खरे सांगतो, क्षणभर मलाही ते पटले. कॉलेजात असताना उत्तरावरून उलटे जात जर्नलमधले आकडे 'काढण्याची' विद्या मीही आत्मसात केली होती आणि तिच्या बळावर बरे गुण मिळवले होते. पण धाकटीने मलाच विचारले, ''पण थर्मामीटर खोटं कशाला बोलेल?'' या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

थर्मामीटर खरेच बोलत होता. पंखा हवा थंड करीत नाही, फक्त हलवतो. उलट छताच्या जुन्या पंख्याला 75 वॅटच्या आसपास वीज लागते आणि तिची अखेर उष्णताच होऊन ती खोलीतच राहते. त्यातून आमचे घर वरच्या मजल्यावर. तापलेल्या स्लॅबखाली साचलेली गरम हवा पंख्याने खाली ढकलली, तर तो वाढलेला अर्धा अंश कुठून आला असेल, याचाही अंदाज येतो. मग आपल्याला गार का वाटते? आपल्या त्वचेचे तापमान असते 35 अंशांच्या आसपास. तिच्यालगत ऊबदार, दमट हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर बाजूला सारतो आणि घाम भराभर वाळू लागतो. एक ग्रॅम घामाची वाफ व्हायला सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते आणि ती बरीचशी आपल्या अंगातूनच घेतली जाते. थर्मामीटरला घाम येत नाही!

''मग त्याला घाम आणूया,'' धाकटी म्हणाली. तिथून खरा प्रयोग सुरू झाला.

एका थर्मामीटरच्या फुग्याला मलमलीची ओली चिंधी गुंडाळायची, दुसरा कोरडा ठेवायचा. ऐकायला किती सोपे! पण पहिल्या दिवशी चिंधी भिजवली माठातल्या पाण्यात. माठातले पाणी मुळातच गार. मग आकडा उतरला तो वाऱ्याने की माठाने? दुसऱ्या दिवसापासून पाण्याची वाटी रात्रभर त्याच खोलीत ठेवली. पंखा बंदचे आकडे दुपारी दोनला आणि चालूचे चारला घेतले होते. मधल्या वेळात खिडकीतले ऊन टेबलावर सरकले होते. तेही बाद. सगळ्यांत मौज म्हणजे दोन्ही थर्मामीटर कोरडेच शेजारी शेजारी ठेवले, तर एक 28 दाखवी आणि दुसरा 27! दोन्ही एकाच दुकानातले. मग हा फरक वहीत पहिल्या पानावर लिहिला आणि प्रत्येक वेळी हिशेबात धरला. तापाचा थर्मामीटर वापरायची आजीची सूचना मात्र नाकारावी लागली. तो 35 च्या खालचे काही सांगतच नाही.

हवामान खात्यातली मंडळी याच चिंधीवर दमटपणा मोजत आली आहेत. वेधशाळेच्या आवारात पायांवर उभी असलेली, झडपांची पांढरी लाकडी पेटी आपण पाहिली असेल. ती स्टीव्हन्सनची पेटी. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या वडिलांची, थॉमस स्टीव्हन्सन यांची ही रचना. ऊन थेट आत येऊ नये, पण वारा मोकळा खेळावा, एवढ्यासाठी त्या झडपा. आमच्या धाकटीने बुटांच्या खोक्याला फटी पाडून तिची गरीब बहीण तयार केली.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, प्रत्येक आकडा तीनदा घ्यायचा, दहा मिनिटे थांबल्याशिवाय वाचायचे नाही, एवढे ठरल्यावर आकडे शहाण्यासारखे वागू लागले. कोरडा थर्मामीटर पंखा असो-नसो, 28 वर. ओला पंख्याविना 22 आणि पंख्यासमोर 19. तीन दिवस हेच.

विदर्भातल्या आमच्या मामेभावाला फोनवर हे सांगितले, तर तो म्हणाला, ''आमच्याकडे मे महिन्यात नुसता पंखा भट्टीची हवा अंगावर फेकतो.'' बरोबरच आहे. चाळीस अंशांपलीकडे नुसत्या पंख्यावर विसंबू नका, तो अंग तापवतो, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. तिथे वाळ्याच्या ताट्या आणि कूलर कामी येतात, कारण हवा कोरडी असते. मुंबईच्या दमट हवेत तोच कूलर खोलीत ओल करून ठेवतो, गारवा थोडाच देतो.

प्रदर्शनात शेजारच्या टेबलावर धूर ओकणारा ज्वालामुखी होता. गर्दी अर्थातच तिकडे. परीक्षकांनी ''यात दिवा कुठे लागतो?'' असे विचारले आणि पुढे गेले. पण एका मुलाची आजी बराच वेळ दोन्ही थर्मामीटर न्याहाळत उभी राहिली. म्हणाली, ''म्हणजे खोलीत कोणी नसताना पंखा चालू ठेवून काही उपयोग नाही म्हण की!'' हा निष्कर्ष आमच्या तक्त्यावर नव्हता. धाकटीने खिशातून स्केचपेन काढले आणि तिथेच तो तळाशी लिहून टाकला.

बक्षीस मिळाले नाही. दोन्ही थर्मामीटर सध्या स्वयंपाकघरात आहेत, एक माठात आणि दुसरा स्टीलच्या कळशीत. त्यांना हात लावायची आम्हाला परवानगी नाही.