लोखंडाची बैठक

सांवेर रोडवरील एका शेडमध्ये, जेथे लेथची घरघर आणि कटिंग ऑइलचा वास ही दोन्ही सकाळी एकदमच सुरू होतात, तेथील वयोवृद्ध मिस्त्रींनी माझ्या जुन्या एअर रायफलच्या नळीवर चुंबकी स्टँड बसविला, डायल गेजचे टोक लाकडी दस्त्याच्या पुढच्या टोकाशी अलगद टेकविले, काटा शून्यावर आणला, आणि मग एक शब्दही न बोलता दस्त्याचे पुढचे दोन्ही स्क्रू सैल केले. काटा वीस घरे सरकला. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. वीस घरे म्हणजे साध्या डोळ्यांना न दिसणारी, परंतु मिस्त्रींच्या लेखी अक्षम्य अशी चूक. ते म्हणाले, ‘‘साहेब, ही बसलेली नाही, नुसती आवळलेली आहे.’’

बसणे आणि आवळणे या दोन क्रियांतला भेद ज्याला उमगला, त्याला बंदुकीच्या नेमबाजीतले अर्धे रहस्य उमगले असे मी आज म्हणू शकतो. त्या दिवशी मात्र मला तो भेद ठाऊक नव्हता. गोळी नेमकी लागावयाची ती चांगल्या नळीमुळे आणि स्थिर हातामुळे, एवढीच माझी समजूत होती. नळी ज्या यंत्रभागाला जोडलेली असते, ज्याला जाणकार ‘ॲक्शन’ म्हणतात, तो यंत्रभाग लाकडात कसा विराजमान झाला आहे, हा प्रश्न माझ्या मनाला शिवलाही नव्हता. इंग्रजीत या विद्येला ‘बेडिंग’ म्हणतात. आपल्या भाषेत तिला ‘बैठक’ म्हणावे असे मला वाटते, कारण गवय्यापासून पैलवानापर्यंत सर्वांची सिद्धी ज्या एका शब्दात आपण मोजतो, तोच शब्द येथेही चपखल लागू पडतो.

सांवेर रोडला ही गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. इंदूरहून उज्जैनच्या दिशेने जाणाऱ्या या रस्त्याच्या अंगाने जी औद्योगिक वसाहत पसरली आहे, तिच्या लहानमोठ्या कारखान्यांत नवे मशीन आले की त्याची प्रतिष्ठापना जवळजवळ देवाच्या मूर्तीसारखी होते. पाया खोदून काँक्रीट भरतात, फाउंडेशन बोल्ट सोडतात, मशीनखाली पाचरी सारून लेव्हल पाहतात. आणि लेव्हल जुळली की मशीनचा पाया व काँक्रीट यांमधल्या पोकळीत ग्राउट ओततात, जो सिमेंटचा असतो किंवा अलीकडे इपॉक्सीचा. ग्राउट वाळल्याखेरीज बोल्टवर पाना चढवावयाचा नाही, असा शिरस्ता आहे. उतावीळ मालकाने तो मोडला आणि अधांतरी मशीन बोल्टाच्या जोरावर जमिनीला खेचून बसविले, तर ओतीव लोखंडाचा तो अजस्र बेडसुद्धा केसभर पिळतो, आणि त्यावर कातलेला शाफ्ट एका टोकाला जाड व दुसऱ्या टोकाला बारीक निघतो. लोखंड वाकत नाही ही आपली भाबडी श्रद्धा आहे. मिस्त्रींच्या दृष्टीने जगातील प्रत्येक वस्तू वाकते, प्रश्न केवळ किती आणि कोणत्या बाजूला, एवढाच असतो.

हाच न्याय रायफलीला लावून पाहावा. चाप ओढल्यापासून गोळी नळीच्या तोंडाबाहेर पडेपर्यंत सेकंदाचे काही सहस्रांशच लोटतात. परंतु तेवढ्या अवधीत नळी थरथरते, आणि सबंध हत्यार धक्क्याने मागे सरकू लागते. ही थरथर आणि हे सरकणे बंद करता येत नाही. ते प्रत्येक वेळी तंतोतंत सारखे व्हावे, एवढेच साधावयाचे असते. पन्नास मीटरच्या रायफल स्पर्धेत लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. ऐनवेळी नळीची दिशा मीटरमागे पाव मिलिमीटर जरी वेगळी कलली, तरी पन्नास मीटरवर साडेबारा मिलिमीटरांचा फरक पडतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ज्या पन्नास मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळविले, किंवा त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या ज्या तीन स्थितींच्या स्पर्धेत ४५१.४ गुणांनी कांस्यपदक पटकाविले, तेथे खेळाडूच्या श्वासाइतकीच हत्याराच्या बैठकीचीही परीक्षा होत असते.

या बैठकीचा जुना शत्रू म्हणजे लाकूड. लाकूड तोडले तरी त्याचा पाण्याशी असलेला ऋणानुबंध तुटत नाही. पावसाळ्यात ते तंतूंच्या आडव्या अंगाने फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि माळव्याचा मृगापासून वैशाखापर्यंतचा फेरा भोगलेला दस्ता नळीला आज एका बाजूने तर उद्या दुसऱ्या बाजूने रेटतो. पूर्वीचे कारागीर लोखंडाला काजळी फासून ते लाकडात दाबीत, जेथे काळा ठसा उमटे तेवढेच लाकूड पटाशीने खरवडीत, आणि सर्वत्र सारखा ठसा येईपर्यंत हा क्रम चालवीत. आपल्या शेडमधले स्क्रॅपिंग करणारे कारागीर निळा रंग लावून मशीनच्या पट्ट्या तपासतात, ती हीच पद्धत. ली-एनफिल्ड या प्रसिद्ध लष्करी रायफलीच्या इतिहासात तर लाकडाशी झालेल्या तहांची मालिकाच दिसते: ऑस्ट्रेलियातील लिथगोच्या कारखान्याने तेथील मऊ लाकूड धक्क्याने चेपू नये म्हणून दस्त्यात तांब्याच्या पट्ट्या बसविल्या, तर बंगालमधील ईशापूरच्या कारखान्याने दस्ता फाटू नये म्हणून त्यातून आडवा स्क्रू घातला.

दुसऱ्या महायुद्धानंतर या भांडणात तिसरा पक्ष उतरला, तो इपॉक्सीचा. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां आणि अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी ज्या राळेवर काम केले, ती सिबा कंपनीने १९४६ साली ‘अराल्डाइट’ या नावाने बाजारात आणली, आणि कालांतराने आपल्या गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानापर्यंत तिच्या जोडनळ्या येऊन पोहोचल्या. एका नळीत राळ, दुसरीत हार्डनर. दोन्ही एकत्र आल्या की त्यांचे रेणू परस्परांत गुंफले जाऊन एक अखंड जाळे तयार होते, आणि त्या क्रियेत उष्णताही निर्माण होते. पाणी किंवा द्रावक उडून जाण्याने हे मिश्रण घट्ट होत नसल्यामुळे ते आकसते फार थोडे. त्यात पोलादाची भुकटी मिसळली तर त्याहूनही थोडे. लाकूड कोरून लोखंडाला जागा करण्याऐवजी लोखंडाभोवतीच जागा ओतून घ्यावी, अशी ही उलटी युक्ती आहे.

येथे कायद्याचे कलम सांगणे अगत्याचे आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदुकीचे उत्पादन व विक्री यांप्रमाणेच तिच्या दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. म्हणून ज्याच्याजवळ परवान्याची रायफल आहे, त्याने ती परवानाधारक बंदूककारागिराच्याच हवाली करावी आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर प्रयोग मांडू नये. २०१६ च्या शस्त्र नियमांनी मात्र ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या व्यासाच्या व वीस ज्यूलपर्यंतच्या शक्तीच्या एअर रायफलींना परवान्यातून मुभा दिली आहे. माझी रायफल त्या वर्गातली, स्प्रिंगवर चालणारी; आणि बैठकीचे प्रथम पाठ गिरविण्यास तिच्याहून उत्तम पाटी नाही, कारण तिचा धक्का दुहेरी असतो. आतला दट्ट्या पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे येते, आणि दट्ट्या सिलिंडरच्या टोकाशी थांबतो तेव्हा ती पुढे हिसका देते. या दुतर्फा हिसक्यांनी दस्त्याचे स्क्रू सैल होतात आणि नेम भरकटतो.

रायफल रिकामी आहे व स्प्रिंग ताणलेली नाही याची दोनदा खातरजमा करून मी ती दस्त्यापासून वेगळी केली. जेथे लोखंड टेकावे अशी इच्छा होती, म्हणजे पुढच्या स्क्रूंभोवती आणि मागे चापाच्या पेटीजवळ, तेथील लाकूड मी दोनेक मिलिमीटर कोरून खडबडीत केले; मधला भाग मुद्दाम मोकळा ठेवला. लोखंडावरील प्रत्येक भोक व खाच मुलांच्या खेळातल्या मातीने बुजविली, कारण खाचेत शिरून राळ घट्ट झाली की लोखंड आणि दस्ता यांचे लग्न लागते आणि मग काडीमोड होत नाही. त्यानंतर राळ चिकटू नये म्हणून लोखंडावर आणि स्क्रूंवर बुटाच्या रंगहीन पॉलिशचे दोन हात दिले. मोठ्या रायफलीत धक्का झेलणारा एक लोखंडी खुंट असतो; कारागीर त्याच्या पुढच्या, खालच्या व बाजूंच्या अंगांना चिकटपट्टी लावतो, म्हणजे पट्टी काढल्यावर तेथे फट राहून खुंट केवळ पाठीमागच्या अंगाने टेकतो. माझ्या रायफलीला तो खुंट नसल्याने तेवढा उपद्व्याप वाचला.

पहिल्या प्रयत्नात मी घात करून घेतला. लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर थोडा अधिकच घातला. चुन्याने विडा रंगतो तसा हार्डनराने इपॉक्सी रंगत असावा, असा माझा तर्क होता. परंतु ही क्रिया प्रमाणाने चालते, घाईने नव्हे. ज्या हार्डनराला राळेचा जोडीदार मिळत नाही तो तसाच लोंबकळत राहतो. दुसऱ्या दिवशी दस्त्यात कठीण बैठक सापडण्याऐवजी खोडरबरासारखा लिबलिबीत थर सापडला, आणि तो खरवडण्यात माझा रविवार गेला.

दुसऱ्या खेपेस मी प्रमाण मोजून घेतले, हवेचे बुडबुडे शिरू नयेत म्हणून सावकाश कालविले, आणि लोखंड दस्त्यात ठेवताना मिस्त्रींची ताकीद ध्यानात धरली: स्क्रू वाट दाखविण्यापुरता, ओढण्यासाठी नव्हे. स्क्रूला हातानेच जेमतेम पीळ दिला. कडेने बाहेर आलेली राळ पुसून काढली आणि चोवीस तास त्या खोलीत पाऊल टाकले नाही, ही या कामातली सर्वांत अवघड पायरी होय. नंतर रबरी हातोडीच्या दोनचार हलक्या टिचक्यांनी लोखंड सुटून आले, आणि खाली राळेत यंत्राची हुबेहूब प्रतिमा उमटलेली दिसली; कारखान्यात सिलिंडरवर राहून गेलेली घाशीची बारीक रेषसुद्धा तिच्यात उमटली होती. उघड्या लाकडाला आतून वॉर्निशचा हात दिला, कारण राळेला पाऊस बाधत नसला तरी तिच्याखालच्या लाकडाला तो बाधतोच.

सांवेर रोडच्याच बाजूला सीमा सुरक्षा दलाची रेवती रेंज आहे, जेथे २०२४ च्या जुलैमध्ये एका दिवसात अकरा लाखांहून अधिक रोपे लावली गेली. त्या बाजूने शेडकडे जाताना माझ्या मनात आले, की ही रोपे मुळे धरतील तीही आवळून नव्हे, बसूनच.

मिस्त्रींनी पुन्हा स्टँड लावला, काटा शून्यावर आणला, आणि स्क्रू सैल केले. काटा दोन घरे सरकून थांबला. त्यांनी स्क्रू आवळले, पुन्हा सैल केले. काटा पुन्हा दोनच घरे सरकला. प्रशंसेचे काही शब्द निघतील म्हणून मी वाट पाहत उभा होतो. त्यांनी गेज उतरविले, टोक फडक्याने पुसले, आणि ते पुन्हा आपल्या लेथवर लावून अर्धवट राहिलेल्या शाफ्टकडे वळले.