चोर हसवतो, लुटलेला कुठे जातो?

दिल्लीच्या एका खऱ्याखुऱ्या चोरावर विनोदी चित्रपट निघाला आणि आपण तो मनमुराद हसत पाहिला. पण या हसण्याच्या भरात एक माणूस आपल्या नजरेतून निसटतो. तो म्हणजे ज्याचे घर लुटले गेले, तो.

मराठी घरांत 'अशी ही बनवाबनवी' किती वेळा पाहिला गेला असेल, याची मोजदाद नाही. १९८८ साली आलेल्या या चित्रपटात पुण्यात राहायला जागा मिळत नाही म्हणून चार तरुणांपैकी दोघे बायकांचे सोंग घेतात आणि घरमालकिणीला बनवतात. आजीपासून नातवापर्यंत सगळे खदखदून हसतात. हसायला हरकतही नाही. फसवणूक लेखकाच्या कल्पनेतली आहे, कुणाचे दागिने गेलेले नाहीत आणि शेवट गोड होतो.

पण पडद्यावरचा लफंगा एखाद्या खऱ्या माणसावरून घेतलेला असेल, तर? मग त्याने लुटलेली घरेही खरी असतात. त्या घरातील माणसांना आपले हसणे कसे वाटत असेल?

विकासपुरीचा बंटी

पश्चिम दिल्लीतील विकासपुरी ही मध्यमवर्गीय वस्ती. देविंदर सिंग ऊर्फ बंटी हा तिथला. त्याची तऱ्हा इतर चोरांपेक्षा वेगळी होती. नीटनेटके कपडे, चटपटीत बोलणे, उंची गाड्यांचा शौक. श्रीमंतांच्या कोठ्यांत तो असा शिरे, की जणू त्याच घरचा पाहुणा. वर्तमानपत्रांनी त्याला 'सुपरचोर' अशी पदवीच देऊन टाकली.

दिल्लीतच वाढलेले दिग्दर्शक दिबाकर बॅनर्जी यांनी या बंटीच्या करामतींवरून 'ओये लकी! लकी ओये!' बनवला. २८ नोव्हेंबर २००८ रोजी तो प्रदर्शित झाला, तेव्हा मुंबईवरील दहशतवादी हल्ला अजून संपलाही नव्हता. चित्रपटगृहात जाण्याच्या मनःस्थितीत कोण असणार? तरीही हळूहळू लोकांनी हा चित्रपट शोधून पाहिला. निकोप मनोरंजन करणाऱ्या लोकप्रिय चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. चोराच्या कथेला निकोप मनोरंजनाचा पुरस्कार, हे वाचून गंमत वाटते. पण चित्रपट पाहिला की त्यामागचे कारण कळते.

अभय देओलचा लकी कुणावर हात उगारत नाही. हसतमुखाने घरात शिरतो, नमस्कार करतो आणि टीव्ही उचलून चालू लागतो. कधी म्युझिक सिस्टीम, कधी टेडी बेअर, तर कधी चक्क घरचा कुत्रा! गरजेपोटी ही चोरी नाही. ज्या झगमगत्या दिल्लीच्या दारातूनही त्याला कुणी आत घेतले नसते, ती दिल्लीच तो तुकड्यातुकड्याने आपल्या घरी नेत असतो.

त्यात संगीताची जादू वेगळीच. संगीतकार स्नेहा खानवलकर ही इंदूरच्या मराठी घरातली मुलगी. या चित्रपटासाठी ती हरियाणात हिंडली, तिथल्या रागिणी गाणाऱ्यांना ऐकले आणि मातीचा वास असलेले आवाज थेट चित्रपटात आणले. त्या ठेक्यावर चोरी होऊ लागली की प्रेक्षकाचे पाऊल आपोआप ताल धरते. चोर आपल्याला आवडू लागतो तो नेमका इथेच.

पडदा पडल्यानंतर

चित्रपट दोन तासांत संपतो. खऱ्या बंटीची गोष्ट मात्र संपली नाही. २०१० साली तो 'बिग बॉस' या कार्यक्रमात स्पर्धक म्हणून झळकला आणि काही दिवसांतच बाहेर पडला. चोरीमुळे मिळालेली प्रसिद्धी त्याला सुधारण्याची संधी देऊ शकली असती. पण जानेवारी २०१३ मध्ये केरळमधील तिरुवनंतपुरम येथे कडेकोट सुरक्षा यंत्रणा असलेल्या घरातून महागडी गाडी चोरीस गेली आणि काही दिवसांतच बंटी पकडला गेला. कुठे? तर आपल्या पुण्यात. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर एप्रिल २०२३ मध्ये दिल्लीतील ग्रेटर कैलाश भागातील चोरीच्या प्रकरणात पोलिसांनी त्याला पुन्हा अटक केली, या वेळी कानपूरला.

ही माहिती वाचताना हसू येत नाही. तारुण्यापासून उतारवयापर्यंत तुरुंगाच्या आत-बाहेर करणारा एक माणूस आणि त्याच्या मागे उघडी पडलेली कितीतरी घरे, एवढेच उरते. ज्यांच्याकडे चोरी झाली आहे, त्यांना विचारा. विम्याने टीव्हीचे पैसे मिळतीलही, पण रात्री दाराची कडी दोनदा तपासण्याची सवय जात नाही. कामवालीपासून वॉचमनपर्यंत प्रत्येकाकडे संशयाने पाहिले जाते. चोरी झाल्यानंतरचे हे घर विनोदी चित्रपट सहसा दाखवत नाही. दाखवले, तर हसणार कोण?

चोराला भेटले सज्जन

तरीही बॅनर्जींचा चित्रपट नुसता चोराचे कौतुक करून थांबत नाही. परेश रावल यांनी त्यात तीन भूमिका केल्या आहेत. लकीचे वडील, चोरीचा माल घेणारा गोगी आणि जनावरांचे डॉक्टर हंडा. हे तिघेही लकीचे वडीलधारे आणि तिघांकडूनही त्याच्या पदरी निराशाच येते. यातील हंडा सर्वांत सभ्य. बायकोसह घरी बोलावणारा, जेवू घालणारा, भागीदारीत रेस्टॉरंट काढू म्हणणारा. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला कुणी घरचे मानले, म्हणून लकी भारावतो आणि पैसे देतो. सगळ्या दिल्लीला लुटणारा हा चोर शेवटी लुटला जातो तो सुशिक्षित सज्जनाकडून!

चित्रपटातील खरी गोम इथे आहे. चोर कुलूप तोडून येतो, पण ठगाला आपण स्वतः दार उघडतो. त्याला चहा देतो, मुलांना त्याच्या पाया पडायला सांगतो. म्हणूनच चोरीपेक्षा फसवणुकीचा घाव अधिक खोल जातो. पैसा तर जातोच, पण माणसे पारखण्याच्या आपल्या अकलेवरचा विश्वासही जातो.

गोड गळ्याचा ठग

लकीच्या जगातला गोगी गाण्याबजावण्याच्या कार्यक्रमांत रमणारा आहे. कलाकार म्हटला की आपण त्याला सहसा भला माणूस समजतो. या समजुतीची किती मोठी किंमत मोजावी लागते, हे अमेरिकेतील एका खऱ्या गायकाने दाखवून दिले. त्याच्यावरही विनोदी चित्रपट निघाला आहे.

यान लेवान हा मूळचा पोलंडचा. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यातील हेझलटन या गावी तो स्थायिक झाला आणि त्याने पोल्का संगीताचा वाद्यवृंद उभारला. अकॉर्डियनच्या सुरावर नाचायचे हे संगीत तिथल्या पोलिश वंशाच्या वृद्धांना मायभूमीची आठवण करून देई. चमचमत्या कपड्यांतला, प्रत्येकाची चौकशी करणारा यान त्यांना मुलासारखा वाटे. संगीतासाठीच्या ग्रॅमी पुरस्काराचे नामांकनही त्याला मिळाले. चाहत्यांना घेऊन तो युरोपच्या सहली काढी.

वाद्यवृंद आणि भेटवस्तूंचे दुकान चालवण्यासाठी त्याने याच चाहत्यांकडून ठेवी घ्यायला सुरुवात केली. व्याज १२ टक्के, पुढे तर २० टक्क्यांपर्यंत. एवढे व्याज कुठली बँक देते? पण हिशेब विचारणार कोण, आणि तोही आपल्या लाडक्या यानला? प्रत्यक्षात धंद्यात तेवढा नफा नव्हताच. नव्या माणसाचे पैसे घेऊन जुन्याचे व्याज भागवले जात होते. असे करू नकोस, असे सरकारी अधिकाऱ्यांनी बजावूनही तो थांबला नाही. अखेर सुमारे ४०० लोकांचे जवळपास ५० लाख डॉलर बुडाले आणि २००४ साली त्याला सुमारे सहा वर्षांची शिक्षा झाली.

त्याच्यावरील 'द पोल्का किंग' २०१७ साली महोत्सवात दाखवला गेला आणि २०१८ मध्ये घरोघरी पोहोचला. जॅक ब्लॅकने यानची भूमिका इतकी लोभस केली आहे, की तो पकडला जाऊ नये असेच वाटत राहते. खऱ्या गुंतवणूकदारांनाही अगदी हेच वाटत आले असणार. पिढ्यान्‌पिढ्यांची बचत बुडाली ती याच लोभसपणामुळे.

खोसलांचे घर

ठगाऐवजी ठगलेल्याच्या बाजूने विनोदी चित्रपट निघूच शकत नाही का? निघू शकतो. आणि तो लकीच्या दिग्दर्शकानेच आधी काढला होता. २००६ सालचा 'खोसला का घोसला'. आयुष्यभर काटकसर करून कमलकिशोर खोसला दक्षिण दिल्लीत प्लॉट घेतात आणि खुराना नावाचा बडा प्रॉपर्टी डीलर तो बळकावतो. वर आपलाच प्लॉट सोडवून घ्यायला पैसे मागतो! अनुपम खेर आणि बोमन इराणी यांनी ही जोडी अजरामर केली. सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाला.

इथेही आपण पोट धरून हसतो. पण प्लॉटभोवती दुसऱ्याची भिंत पाहून खोसलांचा चेहरा पडतो, तेव्हा ते हसू घशात अडकते. घरात धुसफूस सुरू होते, परदेशी जायला निघालेला मुलगा आणि बाप एकमेकांशी धड बोलत नाहीत. शेवटी हे कुटुंब एका नाटकमंडळीच्या मदतीने खुरानालाच टोपी घालते. प्रत्यक्षात असा सूड कुणाला जमत नाही आणि कुणी करूही नये. पण त्याआधी जे घडते, ते मात्र सोळा आणे खरे आहे. संकट आल्यावर खोसला कुटुंब एकत्र बसते आणि बोलते. त्यांची सुटका तिथूनच सुरू होते.

हसून झाल्यावर

आपल्याकडे नेमके हेच होत नाही. फसलेला माणूस गप्प बसतो. 'लोक काय म्हणतील?' 'एवढा शिकलेला आणि फसला कसा?' या भीतीने तो बायकोलाही सांगत नाही. तोवर ठग पुढच्या दारात पोहोचलेला असतो.

म्हणून काही साध्या गोष्टी घरात ठरवून टाकाव्यात. गुंतवणुकीची रक्कम लहान असो वा मोठी, ती घरात किमान दोघांना माहीत असावी. बँकेपेक्षा दुपटीने व्याज देणाऱ्याला 'हा पैसा कुठून येणार?' असे स्पष्ट विचारावे. समजा, त्याने एक लाखावर वर्षाला २० हजार देऊ केले. त्याचा धंदा तेवढे कमावतो का? नसेल, तर ते २० हजार तुमच्याच शेजाऱ्याच्या खिशातले आहेत. मागणारा भजनी मंडळातला असो, नात्यातला असो की गोड गळ्याचा गायक, कागद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

फसवणूक झालीच, तर पोलिसांत तक्रार द्यावी. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९९९ पासून स्वतंत्र कायदा आहे. बेकायदा ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा २०१९ मध्ये देशभरासाठी झाला. फोन किंवा इंटरनेटवरून पैसे गेले असतील, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. मात्र कायदा मदतीला येतो तो तोंड उघडणाऱ्याच्याच.

आणि घरात कुणी फसले असेल, तर त्याला टोमणे मारू नका. मूर्ख म्हणून तो फसलेला नसतो, त्याने विश्वास ठेवलेला असतो.

पुढच्या रविवारी टीव्हीवर 'ओये लकी' लागला, तर जरूर पाहा, सहकुटुंब हसा. मात्र चित्रपट संपल्यावर टीव्ही बंद करून घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा, 'बाबा, सध्या तुमच्याकडे कुणी पैसे गुंतवा म्हणून येतंय का?' कदाचित उत्तर 'नाही' असेल. पण 'हो' असेल, तर ते आपल्याला वेळेवर कळलेले असेल.