झोपवणारा दुसरा कोणी नसतो

पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला एक पुतळा आहे. मागे कललेली बाई आणि तिच्यावर हात पसरून उभा असलेला झगेवाला पुरुष. डिचोलीहून कामाला पणजीस जाणाऱ्यांनी तो शंभरदा पाहिलेला असतो, पण कोणाचा म्हणून विचारा. कोणी जादूगार म्हणेल, कोणी भूत उतरवणारा पाद्री. पुतळा संमोहनाचा अभ्यास करणारे धर्मगुरू आबे फारिया यांचा. जन्म कांदोळीचा, १७५६ सालचा. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ पासून तिथे उभा आहे. त्याला पाहून होणारा गैरसमज आणि संमोहन-उपचाराबद्दलचा गैरसमज एकच आहे: समोरचा माणूस काहीतरी सोडतो आणि आपण आडवे होतो.

गंमत अशी की फारियांनी नेमके याच्या उलट सांगितले. त्या काळी युरोपात मेस्मर या वैद्याचा बोलबाला होता. उपचार करणाऱ्याच्या अंगातून अदृश्य द्रव वाहतो आणि रोग्यावर परिणाम करतो, असे त्याचे म्हणणे. १८१३ मध्ये पॅरिसात फारियांनी जाहीर प्रयोग सुरू केले आणि ठासून सांगितले की द्रव नाही, चुंबक नाही, माझ्यात शक्ती नाही. जे घडते ते झोपणाऱ्याच्या मनात घडते. लोकांनी टर उडवली, त्यांच्यावर प्रहसनसुद्धा आले. १८१९ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी ते वारले.

म्हणजे निद्रानाशावर संमोहनाचा विचार करताना पहिली गोष्ट ही, की यात वशीकरण नाही. तुमची इच्छा नसेल तर कोणी तुमच्याकडून गुपिते वदवून घेत नाही, की घराची कागदपत्रे सही करून घेत नाही. आपल्याकडे घाडी आणि अवसर यांची आठवण लगेच निघते. उपचाराच्या खोलीत त्यातले काही नसते. खुर्ची असते, सावकाश बोलणारा आवाज असतो आणि लक्ष एका ठिकाणी आणायचे असते.

दुसरा गैरसमज नावातूनच आला. १८४०च्या दशकात जेम्स ब्रेड या स्कॉटिश शल्यवैद्याने ग्रीकांच्या निद्रादेवावरून ‘हिप्नॉटिझम’ हे नाव रूढ केले आणि पुढे तोच पस्तावला, कारण ही झोप नव्हेच. मेंदूचा आलेख काढला तर संमोहित माणूस जागाच दिसतो. आवाज ऐकतो, प्रश्नांना उत्तरे देतो, नको वाटले तर उठून जातो.

मग झोपेला फायदा काय? इथे उत्तर अर्धे गोड, अर्धे कडू. २०१४ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी ७० निरोगी तरुणींना दुपारच्या डुलकीआधी संमोहनाची ध्वनिफीत ऐकवली. ज्या सूचनाग्राही होत्या त्यांची गाढ झोप सुमारे ८० टक्क्यांनी वाढली. ज्या नव्हत्या, त्यांना असा लाभ झाला नाही. शिवाय या बायकांना निद्रानाश नव्हता, हे विसरायचे नाही. २०१८ मध्ये २४ अभ्यासांचा आढावा घेतला गेला. त्यातल्या निम्म्याहून थोड्या अधिक अभ्यासांत झोपेला फायदा दिसला, जवळपास तिसऱ्या हिश्श्यात दिसला नाही. म्हणून ‘एका बैठकीत निद्रानाश गायब’ अशी पाटी दिसली की रस्ता ओलांडा.

जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये गोळीही सांगितली नाही आणि संमोहनही नाही. वर्तनोपचार सांगितला. तो ऐकायला अगदी मिळमिळीत वाटतो: रोज उठायची वेळ एकच ठेवा, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठून बसा, अंथरूण फक्त झोपेपुरते वापरा, मोबाइल त्यात घेऊ नका. संमोहन याच्या जोडीला चालते, विशेषतः ‘आज तरी झोप लागेल ना’ या धास्तीनेच ज्यांची झोप उडते त्यांना. फारियांचीच एक दंतकथा गोव्यात सांगतात. पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचन देताना त्यांची दातखीळ बसली, तेव्हा बापाने मागून कोंकणीत कुजबुजले की समोर सगळी भाजीच आहे, काप! आणि जीभ सुटली. खरीखोटी देव जाणे, पण धास्तीचा इलाज तिच्यात नेमका सापडतो.

कारखान्यात आठवड्याला पाळी बदलणाऱ्याची झोप मात्र ध्वनिफितीने जागेवर येत नाही. तिथे पाळीच आड येते. मोठ्याने घोरणारा, झोपेत श्वास अडकून दचकणारा माणूस संमोहनाकडे नव्हे, आधी डॉक्टरकडे गेला पाहिजे. थायरॉइड, नैराश्य, दारू ही कारणेही तपासून घ्यावी लागतात.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००३ साली संमोहनाला स्वतंत्र वैद्यक पद्धती मानले नाही. नोंदणीकृत वैद्यक किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्याने वापरायची एक उपचाररीत म्हणून तेवढी मुभा दिली. तेव्हा ‘प्रमाणपत्र आहे’ एवढ्याने भागत नाही. मनोविकारतज्ज्ञ आहात की चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, नोंदणी कुठली, हे खुशाल विचारा. गोव्यातील मनोरुग्णालयाला पूर्वी फारियांचेच नाव होते. आज ते बांबोळीला मानसोपचार संस्था म्हणून चालते. तीन आठवड्यांहून जास्त झोप रुसली असेल, तर तिथल्या बाह्यरुग्ण विभागात जा, नाहीतर टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन करा. फोनला पैसे लागत नाहीत.