उसन्या विस्तवाची नानकटाई

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की तालुक्याच्या गावातील बेकरीपुढे पत्र्याचे रिकामे डबे घेऊन बसलेल्या बायामाणसांची गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना नानकटाई हा घरचा जिन्नस की बाजारचा, या प्रश्नाचे सरळ उत्तर देता यावयाचे नाही. कारण मैदा, साखर आणि तूप घरचे, मळणे कोठे घरी तर कोठे बेकरीत, आणि विस्तव मात्र सर्वस्वी उसना, असा तो व्यवहार असे. भट्टीवाल्याने भाजण्याची मजुरी घ्यावी आणि आपण ऊन डबा धोतराच्या सोग्यात किंवा पदरात धरून घर गाठावे, हा रिवाज पुण्यासारख्या शहरातही होता.

अशा तालुक्यांपैकीच शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातले शेजारी तालुके. शिरूर, म्हणजे जुन्या लोकांचे घोडनदी, हे कंपनी सरकारच्या छावणीचे ठिकाण. 1817 च्या अखेरच्या रात्री भीमा-कोरेगावच्या दिशेने जी पलटण निघाली, ती येथूनच. दौंड तर रेल्वेचे जंक्शन, मुंबई–सोलापूर लोहमार्गाला मनमाडचा फाटा जेथे मिळतो ते. पलटण आणि रेल्वे यांचा जेथे मुक्काम पडतो, तेथे पाव-बिस्किटांची भट्टी फार काळ दूर राहत नाही, असे म्हटल्यास वावगे होऊ नये. नानकटाई मात्र गोऱ्यांच्या बिस्किटाहून आपल्याला जवळची. फारसीत नान म्हणजे रोटी, आणि ‘खताई’चा संबंध सामान्यतः खता, म्हणजे उत्तर चीन, या मुलखाशी जोडतात, सुरतेच्या पारशी बेकरीवाल्यांनी तिला नावारूपास आणले, आणि मराठी जिभेने खताईची कटाई करून तिला घरात घेतले.

घरात घेतले खरे, पण विस्तव घरी येण्यास वेळ लागला. ज्यांना भट्टी दूर, त्या गृहिणींनी जाड बुडाच्या पातेल्यात वाळू घालून व झाकणावर निखारे ठेवून वरून-खालून आच देण्याची तजवीज पूर्वीच केली होती. तीच युक्ती आता कुकरने सोपी केली आहे. कुकरची शिटी व रबरी कडी काढून ठेवावी, तळाशी वाळू किंवा जाडे मीठ पसरावे, पाण्याचा थेंब घालू नये, वर तिवई ठेवून झाकण लावावे, आणि दहा मिनिटे तापू दिल्यावर तूप लावलेल्या ताटलीत पेढ्याएवढे गोळे अंतराने मांडून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे भाजावे.

प्रमाण दोन वाट्या मैद्याला एक वाटी पिठीसाखर आणि पाऊण ते एक वाटी तूप. चिमूटभर खाण्याचा सोडा, वेलदोडा, जायफळ. तूप पातळ केलेले नको, थिजलेले हवे, आणि ते साखरेबरोबर पांढरे होईपर्यंत फेटावे, कारण त्या फेटण्यात जी हवा कोंडली जाते तीच पुढे तापून नानकटाईला हलकेपणा देते. मैद्यात पाणी पडले की त्याचे चिवट तंतू जुळतात. पोळीला ते हवे असतात, येथे नको असतात. तूप पिठाच्या कणाकणाला वेढून ते जुळणे रोखते. करंजीच्या पारीत मोहन घालणाऱ्या हाताला हे शास्त्र पुस्तकाविना ठाऊक असते.

या दोन तालुक्यांतल्या मनुष्याने मैद्यावरच का थांबावे, असे मला नेहमी वाटते. शिरूरकडे बाजरी पिकते आणि दौंडच्या केडगाव परिसरात गुऱ्हाळे आहेत. परंतु नुसत्या बाजरीत तो चिवटपणा मुळीच नसल्याने गोळा भुगा होऊ पाहतो (भाकरीचे पीठ गरम पाण्याने का मळतात, हे आठवावे), म्हणून एक वाटी बाजरीला एक वाटी कणीक घालावी, आणि पीठ ताजे दळलेले असावे, कारण बाजरीचे पीठ लवकर कडवट होते. गूळ बारीक किसून घालावा. तो ओलावा धरतो, त्यामुळे खुसखुशीतपणा साखरेइतका टिकत नाही आणि रंगही लवकर चढतो. तेव्हा आच आणखी मंद, आणि नजर झाकणावर.

हिशेब मांडू गेल्यास तूप आणि गॅस धरून दुकानातला पुडा स्वस्त पडेल, हे कबूल. शिवाय कुकरच्या ताटलीत एका वेळी सहा-सातच मावतात, आणि दिवाळीच्या डब्याला जी बेफिकिरी असते ती येथे नसते. चौघांच्या चहाला तेवढ्या पुरतात, एवढेच. ताटली काढली तेव्हा त्या बोटाला मऊ लागतात, म्हणून कच्च्या राहिल्या असे समजून पुन्हा आत सारू नयेत. निवताना तूप पुन्हा थिजते आणि त्यांना कडकपणा येतो. एवढी दहा मिनिटे धीर धरावा, असे सांगणे सोपे. आमच्याकडे सात मांडलेल्या ताटलीत निवल्यावर सहाच सापडतात, आणि सातवीची चौकशी कोणी फार खोलवर करीत नाही.