मेलेल्या वांदराची खबर

केर हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्ग तालुक्यातलं रानाला लागून असलेलं गाव. 2016च्या सुरुवातीला तिथली माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निदान केलं, 'क्यासनूर फॉरेस्ट डिसीज'. लोकांच्या तोंडी तो झाला माकडताप. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातल्या बांद्याच्या आसपास तो पसरला.

नाव तसं माकडावर अन्यायच करणारं. विषाणू पसरवते ती गोचीड. माकड आपल्याइतकंच तिच्या तावडीत सापडलेलं. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात हा विषाणू सापडला, तेव्हाही माग लागला तो मेलेल्या माकडांमुळेच. 2015मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात साथ आली होती. सत्तरी दोडामार्गाला खेटून आहे. पण पालीचा अहवाल पणजीला जातो आणि केरचा सिंधुदुर्गाच्या मुख्यालयाला, ओरोसला.

या तापाचा हंगाम डिसेंबर ते मे. पातेरा गोळा करायचा, तरव्याची भाजावळ करायची, काजी वेचायच्या, गुरं रानात सोडायची, सगळं याच दिवसांत. अंगभर कपडे घाला, गोचीड प्रतिबंधक तेल लावा, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, हा सल्ला बरोबरच आहे. तो देणाऱ्याने मात्र एप्रिलच्या उकाड्यात एकदा काजीच्या बागेत वाकून बघावं! लस होती, महिन्याच्या अंतराने दोन मात्रा आणि नंतर वर्धक मात्रा. ती पुरेशी प्रभावी ठरेना, म्हणून 2022मध्ये तिचा वापर थांबला. खास औषध आजही नाही. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. अत्यवस्थ माणसाला इथले लोक गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेतात, आणि तिथे 2018पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं.

म्हणून खरी लढाई रुग्णालयाच्या आधीची आहे. माकड मेलं की थंड पडत चाललेलं अंग सोडून गोचिडी खाली उतरतात आणि आसपासच्या पातेऱ्यात पसरतात. त्या जागेभोवती पन्नास मीटरपर्यंत कीटकनाशक भुकटी मारायची, मृतदेह जाळायचा, असा नियम आहे. पण ते माकड कोणाचं? मृतदेह वनखात्याचा, त्यांचं कार्यालय सावंतवाडीला. शवविच्छेदन पशुसंवर्धनचं, माणसांचा ताप आरोग्य विभागाचा. ही दोन्ही कार्यालयं ओरोसला. त्यात वांदर म्हणजे मारुतीचं रूप. ज्याला शिवायचं नाही, त्यालाच श्रद्धेने हार घालून पुरलं जातं. तापाची खबर आशाताई आणतात. वांदराची खबर आधी गुराख्याला लागते, आणि गुराखी कुठल्याच खात्याच्या तक्त्यात नसतो. माझ्या मते या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी फट तीच.

तेव्हा यंदा बागेत मेलेला वांदर दिसला, तर जवळ जाऊ नका, गुरं तिकडे सोडू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा, आणि तो कुठल्या झाडाखाली पडलाय तेही नीट सांगा.