डाएटिशियन म्हणते, भात वाढ!

डाएटिशियनकडे जायचं म्हणजे भात बंद, भाकरी अर्धी, असंच ना तुमच्या डोक्यात? ईटिंग डिसऑर्डरमध्ये तिचं काम नेमकं उलटं असतं. ॲडमिट व्हायची वेळ नसेल तर उपचार घरी राहूनच चालतात. म्हणजे रहिमतपूरहून साताऱ्याच्या एसटीत, कॉलेजच्या डब्यातसुद्धा. ती कॅलरीआधी घड्याळ बघते: तीन जेवणं, मधे दोन-तीनदा खाणं, तीन-चार तासांहून मोठी गॅप नको. उपाशी मेंदूला अन्नाशिवाय काही सुचत नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा प्रयोगात ३६ धडधाकट तरुणांना अर्धपोटी ठेवलं, तर तेही दिवसभर जेवणाचाच विचार करायला लागले!

मग भीती वाटणारे पदार्थ एकेक करून ताटात परत. आज शिरा, पुढे कधीतरी वडापाव. ‘उपास आहे’ हे कारण ती तपासून घेते (चातुर्मासात फारच सोयीचं पडतं ते). मानसोपचारतज्ज्ञ आणि डॉक्टर मात्र सोबत हवेतच, कारण वारंवार उलट्या काढल्या की पोटॅशियम उतरतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. चक्कर येऊन पडलात तर थेट दवाखाना गाठा. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर टेली-मानस, १४४१६. फोन मोफत, मराठीतही बोलता येतं.